कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या

चित्राताई निवडून आली आणि दुसऱ्याच दिवशी इथल्या मराठी मंडळाचा मेसेज: ‘आपली चित्रलेखा कॅनबेराच्या पार्लमेंटात! भव्य सत्कार!’ आपली? माझं डोकंच फिरलं. बारा वर्षांपूर्वी याच मंडळाने तिला हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलं होतं.

ते माझ्यामुळे. सांगते.

२००९ साल. सिडनीच्या हॅरिस पार्कात एका फ्लॅटमध्ये आम्ही सातजणी, सगळ्या स्टुडंट व्हिसावाल्या. मी कुकरी शिकत होते. पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या, अर्जाला नऊशे तास किचनमध्ये काम केल्याचं पत्र लागायचं. मी ते तास खरोखर भरले होते, कांदे चिरून चिरून. आमचा एजंट राजीवदादा, साताऱ्याचा. गणपतीत आरतीला पुढे, कुणी आजारी पडलं तर घरून डबा पाठवणार. त्याने कोरा फॉर्म पुढे केला. “नो वरीज, सही कर, बाकीचं मी भरतो.” केली! दादाला कोण विचारणार, काय भरणार आहेस म्हणून? त्याला वाईट वाटलं असतं ना!

त्या गाढवाने माझं खरं पत्र मागायचेही कष्ट घेतले नाहीत. भलत्याच रेस्टॉरंटचं खोटं पत्र जोडून दिलं. इमिग्रेशनने अर्ज फेटाळला: तुम्ही फसवणूक केलीत, परत जा. मी दादाकडे धावले, तर शांतपणे म्हणतो, “सही तुझीच आहे ना?”

चित्राताई तेव्हा पेंडल हिल स्टेशनजवळ, किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत वकिली करायची. सांगलीच्या कोर्टात सहा वर्षं उभी राहिलेली बाई, पण इथे तिच्या सनदेला कुणी हिंग लावून विचारलं नाही. मिठाईच्या दुकानात जिलब्या तोलत तिने कायदा पहिल्यापासून पुन्हा शिकला. मी रडत गेले, तर आधी मलाच झापलं. “अक्कल गहाण टाकली होतीस का गं?” मग नवऱ्याला फोन केला, “मोहन, आज खिचडी तूच टाक,” आणि माझे शिफ्टचे रोस्टर, कुठल्या दिवशी किती तास काम केलं त्याचे तक्ते, मागितले.

अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनलमधल्या बाईने विचारलं, “कोऱ्या फॉर्मवर सही का केलीत?” मी म्हटलं, “ही इज दादा.” तिला काय कळणार, कपाळ! तेव्हा ताईने दादाकडून अर्ज केलेल्या आम्हा अकरा जणींचे फॉर्म ओळीने मांडले. सह्या अकरा, बाकी सगळं अक्षर एकाच माणसाचं. वर माझे रोस्टर. मी राहिले. चौघी मात्र परत गेल्या, कारण त्यांच्या मालकांनी रोस्टर दिलेच नाहीत. माझी रूममेट मयूरा त्यातलीच. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि मंडळ? सेक्रेटरी मुरलीधरकाका ताईलाच म्हणाले, “आपल्या माणसाला बाहेरच्यांपुढे उघडं पाडलंस.” राजीवचं लायसन्स गेलं. त्याने ट्रॅव्हल एजन्सी काढली आणि पुढच्याच गणपतीत प्रमुख पाहुणा म्हणून मिरवला. ताईला कुणी ओळख दाखवेना. ती फसलेल्या पोरापोरींच्या केसेस लढत राहिली. पुढे कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, उभी राहिली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा आली, आणि आता थेट खासदार.

सत्काराला मी भांडायच्याच तयारीने गेले. बघते तर स्टेजवर शाल घेऊन कोण? राजीव! लाज कशी नाही वाटत? मी उठणार, तेवढ्यात ताईने पर्समधून एक फॉर्म काढला आणि त्याच्यापुढे पेन धरलं.

“दादा, आधी इथे सही करा. नो वरीज, बाकीचं मी भरते.”

माइक चालू होता. राजीवने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “अगं, पण हा कोरा आहे.”

“हो. मग?”

तो हसला. बाकी कुणीच हसलं नाही. त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि खाली उतरला. ताईने मला वर बोलावलं. शाल मी तिला घातली.

बाहेर पडल्या पडल्या मी कोल्हापूरला मयूराला फोन लावला. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, “मग केली का त्याने सही?”

“नाही.”



“म्हणजे त्याला कळतं,” ती म्हणाली. “तेव्हाही कळत होतं.”