सहा लिव्हरचं कुलूप

ती चोरी तशी फुटकळ होती, पण तिच्यातलं कुलूप माझ्या डोक्यातून अजून निघालेलं नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी चिंचवडकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. आकुर्डीला कारखान्यातल्या कामगारांची बारा खोल्यांची नवी चाळ उभी राहिली होती. दीड महिन्यात तिथल्या तीन खोल्या भरदिवसा साफ झाल्या. एकीतून ट्रान्झिस्टर गेला, दुसरीतून घड्याळ, तिसरीतून सोन्याची कानातली. दार शाबूत, कोयंडा शाबूत. वर चोर जाताना कुलूप पुन्हा लावून जायचा! पंचनाम्यात काय लिहावं तेच मला कळेना.

तिसऱ्या चोरीनंतर नाक्यावरच्या चहावाल्याने बातमी दिली. "साहेब, त्या चाळीत एक फिटर आहे. कुणाची चावी हरवली की तारेनं कुलूप उघडून देतो. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

मलाही अजून काही नको होतं. शनिवारी हवालदारांना घेऊन गेलो आणि ऐन पाण्याच्या वेळेला, सगळी चाळ नळावर असताना, त्या फिटरला दंडाला धरून बाहेर काढला. झडतीत एक वाकवलेली तार आणि दोन कानशी मिळाल्या. मी खूश!

फिटर मराठवाड्यातला, पंचविशीचा. ठाण्यात त्याला दरडावलं, समजावलं, तासभर उभा ठेवला. गडी एकच सांगत राहिला. "साहेब, सोमवारी कंपनीत कायम होणाऱ्यांची यादी लागायलीय. तुम्ही अटक दाखवली की माझं नाव कटलं. दोन वर्सं टेम्परवारी काढली म्या." मग म्हणाला, "ती तीन कुलपं एकदा माझ्यापुढं ठेवा. मग काय बी करा."

"नाटकं हायती साहेब," हवालदार म्हणाले. मलाही राग आला होता, पण त्याहून जास्त उत्सुकता वाटत होती. म्हटलं, बघू तरी. दोन पंच बोलावले आणि जप्त केलेली कुलपं टेबलावर ठेवली.

त्याने कानशीने एका कुलपाचे रिबीट घासून काढले आणि झाकण उचकटलं. वर ठळक अक्षरांत 'सहा लिव्हर' कोरलेलं. आत पितळेच्या पट्ट्या निघाल्या तीनच, त्याही एकसारख्या कापलेल्या.

"ह्या पट्ट्या म्हंजे लिव्हर. सहा असल्या, अन् सहाही येगळ्या कापल्या, तर एका कुलपाची चावी दुसऱ्याला लागत नाही. हितं नुसता आकडा हाय," तो म्हणाला. "आन् हे बघा. तार घातली असती तर पट्ट्यांवर ओरखडे दिसले असते. एक बी नाही. हे कुलूप चावीनंच उघडलंय, साहेब."

मी भिंग घेऊन पाहिलं. खरंच एकही ओरखडा नव्हता. मग मात्र मला राहवेना. ठाण्यातली मिळतील ती सगळी कुलपं गोळा केली, माझ्या क्वार्टरचंही मागवलं आणि घड्याळ काढून बसलो. चाळीचं दुसरं कुलूप त्याने तारेने पाऊण मिनिटात उघडलं. माझं दोन मिनिटांत. हवालदारांच्या पेटीचं तीन मिनिटांत.

"आरं, जरा हळू! त्यात माझा डबा हाय," हवालदार ओरडले.

मुद्देमालाच्या खोलीचं जुनं, जड कुलूप मात्र पंचवीस मिनिटं झटूनही हललं नाही. घाम पुसत तो म्हणाला, "हे खरं कुलूप. चोराला येळ नसतो, साहेब. जितकी मिनिटं लागतील, तितकं कुलूप चांगलं. वर काय का छापलेलं असंना."

कुलपांची अशी प्रतवारी मला कुठल्या वर्गात शिकवली नव्हती. अटक दाखवायची मी थांबवली, पण त्याला रात्रभर ठाण्यातच बसवून ठेवला. चौकशी केल्यावर कळलं की चाळकऱ्यांनी स्वस्त पडतात म्हणून एकाच दुकानातून एकाच बनावटीची डझनभर कुलपं आणली होती.

रविवारी सकाळी पंचांसमक्ष अंगणात बाराही खोल्यांच्या चाव्या मागवल्या आणि उरलेल्या दोन कुलपांना एकेक लावून पाहिली. दोन्हींत अलगद फिरली ती फक्त कोपऱ्यातल्या खोलीतल्या टर्नरची चावी. एका बाईने तेवढ्यात आपली चावी शेजारणीच्या दाराला लावून पाहिली आणि किंचाळली, "अगं बाई! माझी तुला लागते की गं!"

लगेच टर्नरच्या खोलीची झडती घेतली. पिठाच्या डब्यात कानातली आणि घड्याळ सापडलं. ट्रान्झिस्टर त्याने विकला होता. "पहिल्यांदा चुकून झालं, साहेब. रात्रपाळी करून झोपेतच आलो आणि शेजारचं दार उघडलं. आत भांडी बघितली तेव्हा कळलं, घर आपलं न्हाई. त्या दिवशी कशाला हात लावला न्हाई." पुढे मात्र मोह आवरला नाही.

सोमवारच्या यादीत फिटरचं नाव लागलं. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण महिन्याभराने तो रस्त्यात भेटला. "नोकरीचं झालं, साहेब. पर आता चावी हरवली तर लोक दगडानं कुलूप फोडतात, मला हाक मारीत नाहीत." मला शरम वाटली. त्याला धरून नेताना सगळ्या चाळीने पाहिलं होतं, तो निर्दोष असल्याचं मात्र मी फक्त स्टेशन डायरीत लिहिलं होतं. कुलपावरच्या आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्या चाळकऱ्यांना मी हसलो होतो. चहावाल्याच्या एका वाक्यावर मीही तसाच विसंबलो होतो. पुढच्या नोकरीत कुणाला धरण्याआधी ही गोष्ट मी कायम आठवायचो.

मे महिन्यात कुटुंबाला घेऊन गावी निघालो. जाण्याआधी वर्दीतच आकुर्डीच्या त्या चाळीत गेलो, पुन्हा पाण्याच्या वेळेला. नळावरची माणसं वळून बघू लागली. फिटरला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ही माझ्या घराची चावी. पंधरा दिवस लक्ष ठेव."

तो चावीकडे बघून हसला. "चावी कशाला, साहेब? तुमचं कुलूप दोन मिनिटांचं हाय."

नळावर हशा पिकला. त्याच्या बायकोने पदराला हात पुसले, माझ्याकडून चावी घेतली आणि दाराबाहेरच्या खिळ्याला टांगली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.