एकवीस डोकी

मंगळवार, दुपारचे चार. लोणावळ्याबाहेरच्या वेड्यांच्या इस्पितळातला पुरुषांचा वॉर्ड.

माझ्या मूर्खपणाची सुरुवात तिथली. चहा निवायच्या आत ऐकून घ्या!

शहाण्या माणसांना तिथं कोंडतात, असं निनावी पत्र आमच्या वर्तमानपत्राकडे आलं होतं. मी संतापलो. (मला संतापायला पत्र लागत नाही, ते सोडा!) रीतसर परवानगी काढून वॉर्डात शिरलो, तोच पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यातला एक तरुण जवळ आला.

“साहेब, मी डॉक्टर. आज सकाळीच रुजू झालो. माझे कपडे काढून घेतले आणि इथं बसवलं!”

“कुणी?”

“मोठ्या डॉक्टरांनी!”

मी मनगटाची हाडं विचारली. त्यानं घडाघडा सांगितली. बरोबर होती का? मला काय ठाऊक! मी इतिहास घेऊन बी. ए. झालोय.

झालं! माझा कोट-टोपी त्याला चढवली, त्याचा सदरा मी घातला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझ्या कोटाला सलाम ठोकला आणि गडी सुटला. आता रखवालदार आला की गर्जना करायची!

रखवालदार रामा आबा आले. त्या वॉर्डात त्यांचाही तो पहिलाच दिवस. बोटानं डोकी मोजली. “एकवीस. बसा जेवाया.”

“मी वार्ताहर आहे!”

“व्हय का? सकाळधरनं नवे सगळे डाक्टर असल्याचं सांगत्यात. तुमी जरा येगळं बोलला.”

“उद्या छापून आणीन!”

“आना की. आदी भाकर खावा.”

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले आणि मला पाहून पोट धरून हसले. नव्या डॉक्टरांनी काम हाती घेण्याआधी एक दिवस रुग्णांच्या कपड्यांत वॉर्डात काढायचा, आणि रखवालदारालाही ते सांगायचं नाही, ही त्यांची पद्धत!

“म्हणजे मी तुमचाच एक डॉक्टर पळवला!” मी म्हणालो.

त्यांनी नव्या डॉक्टरांना हाक मारली. सहा आले होते. सहाच्या सहा उभे राहिले!

डॉक्टरांचं हसू तिथंच थांबलं. गेला तो दोन वर्षं तिथंच असलेला रुग्ण होता.

तिसऱ्या दिवशी इस्पितळाची सविस्तर बातमी आमच्या अंकात झळकली. माझ्या नावानं, टपालानं आलेली! संपादकांनी माझी पाठ थोपटली. “अहो, वीस वर्षांत पहिल्यांदाच डोकं ठिकाणावर ठेवून लिहिलंत!”

मला आत का ठेवलं होतं, ते आबा आजही कुणालाही सांगतात. “लय वरडत व्हता!”

त्याला दोन वर्षं का ठेवलं होतं, हे मी मोठ्या डॉक्टरांना तीनदा लिहून विचारलं. उत्तर आलेलं नाही.