रामजतनचा मोठा फोटो

वाईहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक कॅमेरा होता, आणि त्या कॅमेऱ्याने फोटो निघत नव्हते. त्याला मागचा डबाच नव्हता.

हे जरा सांगायला हवं. मी शाळेत भूगोल शिकवते. पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या हाताने काहीतरी करावं अशी हौस आली आणि मी मीडियम फॉरमॅटच्या नादी लागले. म्हणजे रुंद फिल्मचा जुना कॅमेरा. एका रोलवर फक्त बारा चौकोनी फोटो, पण फोटो असा की शर्टाची वीण मोजून घ्यावी. नव्याचा विचार माझ्या पगारात शक्य नव्हता. मात्र या कॅमेऱ्याचे सगळे भाग सुटे होतात, आणि जुने भाग एकेक करून जमवले तर माझ्यासारखीलाही झेपतात. मधली पेटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, लेन्स एका निवृत्त डॉक्टरांनी स्वस्तात दिली. राहिला तो फिल्म भरायचा डबा. त्याची जाहिरात मोबाईलवर दिसली. खाली नाव होतं, दामोदर पाटील, राहनाळ, भिवंडी. फोन केला तर पलीकडून खणखणीत आवाज आला, “पार्सल करनार न्हाय. येऊन घेऊन जा. कॅमेरा पन आन, फिल्म पन आन.” आणि फोन बंद.

फिल्म कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं.

ठाण्याला मैत्रिणीकडे मुक्काम करून सकाळी भिवंडीची बस धरली. कशेळीच्या पुलावर बस थांबली ती थांबलीच. खाली खाडीचं मातकट पाणी, कडेला तिवरांची (खारफुटीची) झुडपं, आणि पुलावर डोळा पोचेल तिथवर कंटेनर. शेजारच्या बाई म्हणाल्या, “आज लवकर सुटलं म्हणायचं.” आम्ही अजून सुटलोच नव्हतो.

राहनाळला उतरले आणि दिशाच कळेना. ज्याला मी गाव समजत होते ते सगळं गोदामांचं निघालं. सारख्या उंचीचे निळे पत्रे, सारखी शटरं, सारखे रस्ते. एका टपरीवर दामोदर पाटील कुठे राहतात असं विचारलं, तर टपरीवाल्याने लगेच हात केला. मी त्या दिशेने गेले. पांढऱ्या कपड्यांतले, गळ्यात जाड साखळी असलेले एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते.

“दामोदर पाटील आपणच का? मी डब्यासाठी आले आहे.”

“बस, बाय. चहा घे,” ते म्हणाले. इथे वडीलधारी माणसंही सरळ ‘तू’ म्हणतात, त्यात आपुलकीच असते. चहा झाल्यावर ते मला एका रिकाम्या गोदामात घेऊन गेले. छताची उंची दाखवली, गाडी मागे कशी लागते ते दाखवलं. मी मान डोलावत होते. डबा कुठल्यातरी कोपऱ्यात ठेवला असेल, असं मला वाटत होतं. शेवटच्या भिंतीपर्यंत गेलो तेव्हा धीर करून विचारलं, “आणि डबा?”

“कनचं डबं? पलास्टिकचं का पत्र्याचं? कितीक ठेवनार हायस?”

मी टॉवेल सोडून कॅमेरा दाखवला. त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि इतके मोठ्याने हसले की रिकामं गोदाम घुमलं. “अगं, तुना फोटोवाला दामू पायजे! मी गोदामवाला दामू!” मग त्यांनीच मला मोटारसायकलवर बसवून दोन आळ्या पलीकडे सोडलं.

फोटोवाले दामूदादा ओटीवर वाट पाहत होते. सत्तरीचे, उंच, काटक. माझी चाहूल लागताच त्यांनी मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. त्यांना काचबिंदू झाला होता. एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्याने बोगद्यातून पाहावं तेवढंच. पूर्वी भिवंडी शहरातल्या निजामपुऱ्यात त्यांचा स्टुडिओ होता. त्यांच्या पत्नी चंदाकाकूंनी काही न विचारता तांदळाची भाकरी आणि सुकटीची (सुक्या बारीक कोलंबीची) चटणी समोर ठेवली. मी जेवत होते तेव्हा दादांनी माझ्या कॅमेऱ्यावरून बोटं फिरवली, लेन्स फिरवून पाहिली, मागच्या बाजूला आपला डबा लावला. कट्ट असा आवाज झाला.

“बसला,” ते म्हणाले. “आता फिल्म भर.”

मी तीन वेळा प्रयत्न केला. फिल्मच्या मागच्या काळ्या कागदावर एक बाण असतो, तो डब्यावरच्या खुणेसमोर आणायचा. मी कागद एकदा उलटा घातला, एकदा तिरका. शेवटी त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि गप्पा मारता मारता, छताकडे बघत, फिल्म भरून दिली. मी पाहत होते तरी त्यांनी नेमकं काय केलं ते मला कळलं नाही.

मी पैसे काढले तसा त्यांनी हात आडवा केला. “अजून न्हाय. आदी माजं एक काम कर.”

काम असं होतं. निजामपुऱ्यात यंत्रमागाच्या कारखान्यांतून बाहेरगावची माणसं वर्षानुवर्षं राबतात. त्यांतला कोणी कायमचा गावी निघाला की दादा त्याचा त्याच्या लूमसोबत एक मोठा फोटो काढून द्यायचे. रामजतन नावाच्या कामगाराला त्यांनी कधीकाळी शब्द दिला होता की तुझाही काढीन. रामजतनची आज शेवटची ड्युटी होती आणि संध्याकाळी त्याची गाडी होती.

“मना आता कॅमेऱ्याची काच दिसत न्हाय,” दादा म्हणाले. “तू काढ.”

“दादा, मी या कॅमेऱ्याने अजून एकही फोटो काढलेला नाही!”

“मंग आज काढशील.”

रिक्षाने आम्ही निजामपुऱ्यात आलो. गल्ली इतकी अरुंद की रिक्षा तोंडाशीच सोडावी लागली. दोन्ही बाजूंनी खडखडाट अंगावर येत होता, आधी कानांना आणि मग तळपायांना. दादा एका हाताने भिंत चाचपत, दुसऱ्या हाताने माझी पिशवी धरून पुढे चालले होते. रस्ता त्यांना पाठ होता. डोळे असून मी दोनदा चुकीच्या बोळात शिरले.

कारखान्यात चोवीस लूम आणि सहा माणसं होती. हवेत कापसाचा भुगा तरंगत होता. एवढ्या आवाजात कोणी बोलत नव्हतं, सगळं हातांच्या खुणांवर चाललं होतं. दादांना पाहून एक बारीक, पांढऱ्या मिशांचा माणूस पुढे आला आणि त्यांच्या पाया पडायला वाकला. हाच रामजतन. त्याने मला खुणेने थांबायला सांगितलं, लूमच्या मागे जाऊन घामट बनियनवर इस्त्रीचा निळा शर्ट चढवला. शेजारच्या कामगाराने त्याच्या कानावरची आणि भुवयांवरची रुई बोटांनी टिपून काढली. मिशीवरचीही काढायला गेला, पण ती पांढरी मिशीच होती.

दादांनी माझ्याकडे दिलेली तिपाई (कॅमेऱ्याचा स्टँड) मी मांडली. या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायचं असतं, खाली दुधी काचेवर चित्र उमटतं. काचेवर रामजतन थरथरत होता. तो सांभाळायचा ते चारही लूम थरथरत होते. जमीनच हलत होती. ट्यूबच्या उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार होतं, आणि एवढ्या हादऱ्यात सगळा फोटो फिसकटणार हे माझ्यासारख्या नवशिकीलाही दिसत होतं.

मी दादांच्या कानात ओरडून सांगितलं. ते मेहतांकडे (कारखान्याच्या कारभाऱ्याकडे) गेले. मेहतांनी जोरजोराने मान हलवली. बंद लूम म्हणजे कापड बंद, आणि कामगाराची मजुरीही विणलेल्या मीटरवर. दादा परत आले. “न्हाय बोलतो.”

काय करावं मला कळेना. वाकून पुन्हा काचेत बघितलं, जणू तेवढ्याने जमीन थांबणार होती. मान वर केली तेव्हा मघाशी रुई टिपणारा कामगार आपल्या पहिल्या लूमपाशी उभा होता. सलीम त्याचं नाव, हे नंतर कळलं. त्याने दांडा ओढला आणि लूम थांबला. मग दुसरा. त्याच्याकडे बघून पलीकडच्याने थांबवला. मेहता दारातून हात हलवत ओरडत होते, पण काय ओरडत होते ते ऐकू येत नव्हतं. जेव्हा शेवटचा लूम थांबला, तेव्हा ऐकू आलं, “...शेठ को क्या बोलूँगा मैं?”

आपलाच आवाज एवढा मोठा ऐकून मेहता गप्प झाले.

मी अशी शांतता पूर्वी अनुभवली नव्हती. कुठूनतरी पंख्याची करकर ऐकू यायला लागली. गंमत म्हणजे ती माणसं अजूनही एकमेकांशी खुणांनीच बोलत होती. मग सलीम खोकला, आणि सगळेच एकदम हसले.

“जल्दी, बहनजी,” रामजतन हळूच म्हणाला.

दुधी काचेवर चित्र डावं-उजवं उलट दिसतं. हे मी वाचलं होतं, पण वाचलेलं त्या वेळी कामाला आलं नाही. “थोडा दाएँ,” मी म्हटलं, आणि तो काचेत भलतीकडे सरकला. “नहीं, बाएँ.” तो आणखी लांब गेला. बिचारा मी सांगेन तसा सरकत होता, एकदा तर चौकटीच्या बाहेरच गेला. शेवटी मी कॅमेराच फिरवला, आणि तोही उलट्या बाजूला. कसाबसा तो मधे आला. बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. सहा माणसं आणि एक मेहता श्वास रोखून माझ्या बोटाकडे बघत होते.

दादा भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, “आवाज न्हाय आला, बाय. पत्रा काढलास का?”

फिल्मवर उजेड पडू नये म्हणून डब्यात एक पातळ पत्रा घातलेला असतो. तो काढल्याशिवाय कॅमेरा चालतच नाही. मी तो उपसला. तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा धाड्कन आवाज झाला. दादांनी मान डोलावली. आणखी एक काढला. तिसरा काढणार इतक्यात रामजतनने मागे वळून आपल्या लूमवर हात ठेवला. का, ते माहीत नाही. तो चालू नव्हता म्हणून त्याला चुकल्यासारखं वाटलं असेल. मी दाबलं ते नेमकं त्याच क्षणी.

“बस, हो गया!” मेहता म्हणाले आणि खडखडाट पुन्हा सुरू झाला. रामजतन निळा शर्ट काढून घडी घालायला लागला. त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले, ओठ हलले. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारण्याइतकी शांतता आता मिळणार नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी दादांनी पैसे घेतले, न मोजता खिशात टाकले. “डब्बा तुजा,” म्हणाले. परतीच्या वाटेवर मी उरलेले नऊ फोटो कशाकशाचे काढले ते मलाच नीट आठवत नाही.

फिल्म पुण्याला धुवायला दिली. दोन आठवड्यांनी निगेटिव्ह हातात आली. पहिल्या फोटोत रामजतन अर्धाच आला होता. दुसऱ्यात त्याचे डोळे मिटलेले. तिसरा उत्तम होता, फक्त लेन्स चुकीच्या जागी जुळली होती. लूम असा स्वच्छ आला होता की ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) दोरा न् दोरा दिसावा, आडवा धागा नेणाऱ्या लाकडी धोट्यावरची चीर दिसावी, लूमवर ठेवलेल्या हाताच्या शिरा दिसाव्यात. रामजतनचा चेहरा मात्र धुक्यात.

रात्रभर वाईट वाटत राहिलं. चोवीस लूम ज्या माणसासाठी थांबले, त्याचा चेहराच मी घालवला होता. तरी तिसऱ्याचा मोठा फोटो करून घेतला, माफीची चिठ्ठी जोडली आणि दादांकडे पाठवला. त्यांनी तो रामजतनच्या गावी धाडला.

महिन्याभराने दादांचा फोन आला. “रामजतन बोल्ला तुना सांगायला. फोटो भिंतीवर लावला.”

“दादा, पण चेहरा...”

“त्याची बायको बोलली, थोबाड काय, आता रोज समोरच हाय. भिवंडीत यो काय करतो ते तिनं कदी बगितलंच न्हवतं. सगल्या जल्मात एकदा पन न्हाय. आता तो फोटोवर बोट ठेवून तिला शिकवतो, यो ताना, यो धोटा. शेजारपाजारचे पन येतात बघायला.”

 मी विचारलं, “हे तो खरंच म्हणाला, की मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सांगताय?”

“मी फोटो बगितलेला न्हाय, बाय,” दादा म्हणाले. “तो जे बोल्ला ते सांगितलं.”

मी त्या फोटोची एक प्रत स्वतःकडे ठेवली आहे. कधी ती चूक वाटते, कधी वाटतं की नीट काढला असता तर यापेक्षा कमीच आलं असतं. घरी येणारे विचारतात, हा माणूस कोण. मी रामजतनचं नाव सांगते आणि मग पुढे काय सांगावं ते मला सुचत नाही. एका कामगाराला मी जेमतेम पाऊण तास पाहिलं, आणि त्याने शेवटी मला काय म्हटलं तेही मला ऐकू आलेलं नाही.