शिडीखाली कोण होतं?

जोगदंड सर शिडीवरून पडून गेले, असा त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला तेव्हा मी करमाडला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. “शक्यच नाही,” मी म्हणालो. माणूस जातो, ते कुणाला चुकलंय? पण सर, आणि शिडीवरून? तंत्रनिकेतनात आम्ही दोघांनी जन्मभर एकच विषय शिकवला : बलं, घर्षण, समतोल. त्यात भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित म्हणजे सरांचा जीव की प्राण.

भलते संशयी होते हो! टपरीवरच्या बाकाला आधी गुडघ्यानं ढकलून बघणार, मगच बसणार. मी हसलो की म्हणायचे, “सलीम, हललं नाही म्हणजे पक्कं आहे असं समजू नको. घर्षणाची हद्द संपते ना, तेव्हा ते सांगून संपत नाही.” पोरांना बजावायचे, माणूस जसजसा वर चढतो तसतसा शिडीचा पाय सरकायला बघतो, म्हणून खालच्या दांड्यावर कुणीतरी वजन टाकून उभं पाहिजे. घरी साधा बल्ब बदलायचा तरी वहिनींना खाली उभं करत. मग त्या दिवशी खाली कोण होतं?

हा किडा डोक्यातून जाईना. मातीला गेलो तर वहिनी आल्यागेल्याला सांगत होत्या, “मी सैपाकघरात होते.” कुणी विचारलं नसताना! पुढं गारखेड्याच्या त्या घरी गेलो की माझी नजर शिडी शोधायची. “भंगारात दिली,” वहिनी म्हणाल्या. अन् परवा न्हाणीमागं चादरीखाली तीच शिडी! राग आला मला. वहिनींबद्दल नाही नाही ते मनात आलं. हे त्यांना सांगितलंय, आणि हे सगळं त्यांच्याच परवानगीनं लिहितोय.

मी चादर ओढली. वहिनी मागंच उभ्या होत्या…

“मीच होते खाली,” त्या म्हणाल्या. “हे टाकी धुवायला चढले होते. तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, नळ आले, नळ आले! किती दिवसांनी पाणी… मी मोटार लावायला पळाले. यांना सांगितलंसुद्धा नाही.” मग माझी बाही धरून म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही हेच शिकवता ना? मी हलले नसते तर शिडी राहिली असती का?”

“नसती,” मी पटकन म्हणालो.

“तुम्ही असंच म्हणणार. चढा. मी उभी राहते.”

भिंतीवर ओरखडा होता, फरशीवर शिडीच्या पायाची खूण होती. बरोबर तिथंच शिडी लावली. फरशी नवी, गुळगुळीत. शिडीच्या पायाचं रबर झिजून गेलेलं. कागदावर मांडून दाखवलं असतं, पण कागदावर त्यांचा विश्वास बसला नसता. माझा बांधा सरांसारखाच. चढलो. घाम फुटला. शिडी सरकावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा अल्लाला साकडं घालत होतो. स्लॅबच्या कडेला हात पोचला तरी ती तशीच, ढिम्म. आणखी एक दांडा चढलो… अन् खालून कर्रकन आवाज झाला. मी कडा घट्ट पकडली.

“सरकली!” वहिनी ओरडल्या. “भाऊजी, मी असतानाही सरकली!”

त्या तिथंच फरशीवर बसल्या आणि सर गेल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं रडल्या. मी वर लोंबकळत होतो. म्हटलं, रडू दे त्यांना. शिडी लावा म्हणायला मी जरा वेळ थांबलो.