पालथा तांब्या

पिंगळीच्या स्टेशनावर मला सोडायला माय आली, तेव्हा तिच्यासोबत मंडळीतल्या सात बाया होत्या. मंडळी म्हणजे आमच्या गावातल्या पत्र्याच्या चर्चची माणसं, सगळी मिळून पंधरा-सोळा घरं. एका बाईला सोडायला सात जणी कशाला लागतात, असं नवरा पुटपुटला. त्याला चाकणला कंपनीत काम लागलं होतं. दोन पेट्या, एक गादी आणि कडेवर लेक, एवढाच आमचा संसार. पॅसेंजर दिसली आणि मला रडू फुटलं, तशी माय खेकसली, “कशाला रडायलीस? मी काय एकटी हाव का? मंडळी हाय की हितं!”

बाबा जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि मी तिची एकुलती एक. डब्यात चढताना मला पक्कं ठाऊक होतं की माय खोटं बोलतेय.

त्याला आता अठरा वर्षं झाली. हे लिहितेय ते गावातल्या माझ्या मंडळीसाठी, आणि माझ्यासारखं गाव सोडून फोनमध्ये जीव टांगून बसलेल्यांसाठी.

तीन वर्षांपूर्वी गावात योहानमामा गेले. एकटेच राहायचे. दोन दिवस कुणाला खबर नव्हती. त्या रविवारी उपासना संपली तरी कुणी घरी गेलं नाही. तिथंच ठरलं की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी पहाटे उठल्यावर ओट्यावर तांब्या पालथा ठेवायचा. चार बायांनी गल्ल्या वाटून घेतल्या. तांब्या दिसला तर माणूस उठलंय. नाही दिसला तर सरळ आत शिरायचं, परवानगी मागायची नाही. या चौघींना गावात ‘विचारपुशीच्या बाया’ म्हणतात. मायच्या गल्लीला सुवार्ता नावाची बाई. दोन घरं सोडून राहते, लेकरांचे डबे करते आणि मायच्या दारावरून खुरपायला जाते.

आता मी कशी आहे तेही सांगते. गॅस बंद केला का ते बघायला लिफ्टनं दोनदा वर येणारी मी बाई. मायनं तिसऱ्या रिंगला फोन उचलला नाही की मी लगेच सुवार्ताला लावते. सुवार्ताला म्हटलं, “रोज तांब्याचा फोटो टाकत जा गं.” ती हसली. “तांब्याचा कशाला अक्का? मावशीचाच टाकते की.” मी म्हटलं, “माय कॅमेरा दिसला की तोंड फिरवती, मग तुमच्या गप्पा सुरू होतेत. तांब्याचाच टाक. साडेसहाच्या आत. माझी बस येते.”

झालं. रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की तांब्या यायचा. अंगठा पाठवला की दिवसभर मी औषधाच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं मोजायला मोकळी. नवरा म्हणायचा, लोक सकाळी देवाचे फोटो बघतात, आमची बाई तांब्याचे बघते.

गेल्या हिवाळ्यातला तो मंगळवार. फोटो सहा वाजून वीस मिनिटांनी आला. मी अंगठा पाठवला. पॅकिंगला उभं राहायच्या आधी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत काढला तर गावाकडून अकरा मिसकॉल. फोन उघडायचा पॅटर्न मला तीनदा चुकला.

माय पहाटे पाचला परसात निघाली आणि उंबऱ्याला अडखळून आतच पडली. मनगट मोडलं, अंगाखाली हात अडकला, उठता येईना. सुवार्ता ओट्यासमोर फोटो काढत होती तेव्हा माय दाराच्या आत, चार हातांच्या अंतरावर पडलेली होती. आवाज द्यायला घशात त्राण नव्हतं. दहा वाजता शेजारच्या गयाबाईची शेळी मागच्या दारानं आत घुसली आणि मायच्या टोपल्यातली भाकरी खायला लागली. गयाबाई शेळीला शिव्या देत आत आली, म्हणून सापडली माय. पाच तास. माझ्या आईला शेळीनं शोधलं हो!

पण मग ओट्यावरचा तांब्या? परभणीकडं जाणाऱ्या गाडीत रात्रभर मी जुने फोटो मोठे करून करून बघत होते. पालथ्या तांब्यावर पाण्याचे बारीक थेंब होते. आदल्या दिवशीच्या फोटोतही होते, त्याच्या आदल्या दिवशीच्याही. ते दव होतं. पहाटे ठेवलेल्या तांब्यावर एवढं दव कुठून येणार? दिवाळीपासून माय तो तांब्या आदल्या संध्याकाळीच ठेवून देत होती. महिनाभर मी रोज दवाला अंगठा पाठवत होते.

दवाखान्यात शिरले तर मायच्या हाताला प्लास्टर, आणि सुवार्ता तिची वेणी घालत बसलेली. बाहेर मंडळीतल्या बाया भाकरीचं गाठोडं घेऊन. मला त्यातलं काहीच दिसलं नाही. सगळ्यांच्या देखत मी सुवार्तावर ओरडले, “फोटो काढायला टाइम होता, एक हाक मारायला नव्हता का गं तुला?”

ती फणी हातात धरून उभी राहिली. डोळे भरले होते, पण बोलली ती सरळच. “आधी मी रोज हाक मारत होते अक्का. मावशीची ओ यायची, मग दोन शब्द बोलूनच पुढं जायचे. तुमाला फोटो पायजे होता. साडेसहाच्या आत.”

चूक कुणाची, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं, मलाही.

मायनं खाटेवरूनच आम्हाला गप्प केलं. “तिला कशाला बोलायलीस? तांब्या मीच ठेवायले संध्याकाळी. गुडघे लय दुखतेत, थंडीत ओट्यावर यायला उशीर होतो. तांब्या न्हाई दिसला की ही पोरगी काम टाकून पळत येती. अन् तिकडं तुझा जीव वरखाली. कशाला दोघींना फिकीर?”

मग मी हट्टानं मायला चाकणला आणलं. चौथा मजला, दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही असा फ्लॅट. आम्ही नवरा-बायको सातच्या आत बाहेर, लेक कॉलेजला. दुसऱ्या दिवशी मायनं फ्लॅटच्या दाराबाहेर तांब्या पालथा ठेवला. मी संध्याकाळी आले तर झाडूवाल्यानं तो शू-रॅकच्या मागं सरकवलेला. “दिवसभर कुणी बगितलं बी न्हाई गं,” माय म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नवल वाटलं म्हणून. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात तिनं पिशवी भरली. “मंडळी हाय की तिकडं.” या वेळी ती खोटं बोलत नव्हती, आणि तरी मला भीती वाटत होती. अजून वाटते.

सुवार्ताची मी माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या अक्का, मायसाठी माणूस येडं होतंच.” तांब्याची पद्धत मंडळीनं बंद केली. आता दारात उभं राहून हाक मारायची आणि ओ आल्याशिवाय हलायचं नाही. मला फोटो येत नाही. सकाळी बसमध्ये हात मोकळेच असतात. साडेदहाच्या चहाला लॉकर उघडून मी मायला फोन लावते. तोवरचे चार तास कसे जातात ते माझं मला माहीत.

गेल्या महिन्यात दोन दिवस गावी होते. सकाळी माय परसात, मी अंथरुणात. बाहेरून हाक आली, “मावशीऽऽ!” कूस बदलून मीच आतून म्हटलं, “ओऽऽ!” मग परत, “मावशीऽऽ!” मी ओरडले, “अगं, दिली की ओ!” सुवार्ता म्हणाली, “तुमची न्हाई अक्का. मावशीची पायजे.” तेवढ्यात परसातून माय खेकसली, “ओऽऽ! जित्ती हाय गं मी!” तेव्हा कुठं सुवार्ताचं पाऊल उचललं.

मी तशीच, केस मोकळे, ओट्यावर धावले. चाकणच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, बँकेचे हप्तेही माझ्याच नावाचे. पण तिथं माझी ओ येईपर्यंत कुणी थांबेल, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. सुवार्ता कोपऱ्यापर्यंत पोचली होती. मी मागून विचारलं, “सुवार्ता, म्हातारपणी मी इकडं परत आले, तर माझ्या दारात कोण हाक मारेल गं?”

ती वळली. खुरपं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “या तर आधी,” ती म्हणाली. “लवकर आलात तर माज्या दारात तुमीच हाक माराल.”