भूपालचं गाळणं

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगतो. अंगात येणारी माणसं दिसली की मला हसू येतं. पण हे माझ्या स्वतःच्या खोलीत झालं.

दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढचं वर्ष. मी साताऱ्याकडचा, कॉलेजसाठी सांगलीत भाड्याच्या खोलीत. जोडीदार भूपाल, वारणाकाठच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. पहाटे पाचला उठणार, आडाचं पाणी दुपदरी कापडातून गाळणार, कापडावरचे जीव परत त्याच आडात सोडणार, मग आंघोळ, अभ्यास. मी नऊला उठायचो, पारोसाच कॉलेज गाठायचो. वर त्याची टिंगल.

त्याला हिवताप आला. म्हणाला, "गड्या, पाणी तेवढं गाळून आण. कापड आडातच उलटं कर."

"व्हय रं," म्हणालो. आणि आळसानं तीन दिवस तसंच पाणी पाजलं!

चौथ्या दिवशी त्याच्या तांब्यात लाल अळी वळवळताना त्याला दिसली.

"मी प्यालो रं ह्ये..." एवढंच बोलला आणि भडाभडा ओकला. ताप उतरला, पण पोरगा उठेना. ना आंघोळ, ना पुस्तक. भिंतीकडे तोंड करून पडून. आठवड्यानं बाप येऊन घेऊन गेला. मला काय वाटलं सांगू? बरं झालं, खोली ऐसपैस झाली. शी!

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कुबट वासानं जाग आली. खुंटीवर भूपालचं गाळणं, तेच दुपदरी कापड... ओलं, अळ्यांनी वळवळणारं. वाटलं, कुणीतरी चेष्टा केली. धुऊन, वाळवून ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं. पुन्हा पहाटे पाच, तोच वास. ट्रंकेतले कपडे चिंब, अळ्या शर्टाच्या कॉलरपर्यंत. शेवटी आडावर जाऊन उलटं केलं, तेव्हा वास गेला. निकाल लागेपर्यंत रोज हेच. किळस जाईना म्हणून रोज आंघोळ, झोप उडाली म्हणून अभ्यास. पास झालो. लोक म्हणाले, पोराला शिस्त लागली.

निकाल लागल्यावर गाळणं घेऊन त्याच्या गावी गेलो. भूपाल रानात होता. कॉलेज सुटलं ते सुटलंच. मी सगळं कबूल केलं. त्यानं बांधावरच्या घागरीवरचं कापड उचलून दाखवलं.

"माजं गाळणं मी संगंच आणलं हुतं. ह्ये न्हाई माजं."

त्या दिवसापासून ते माझ्याकडेच आहे, कोरडं. का ओलं व्हायचं, कुणाचं होतं, मला आजही ठाऊक नाही. नातवंडं कौतुकानं सांगतात, आजोबा पाचच्या ठोक्याला उठतात. उठतो खरा. उठून आधी त्या कापडाला हात लावून बघतो.