तेल प्यायलेले वासे

जुन्या लाकडाच्या वखारीत खिळे उपटणाऱ्या मावशीनं मला वाचवलं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना मी माझ्याच फजितीत गुंतून जाईन आणि तिचं राहून जाईल. तिचं घर टेमघरला, वखार वाड्याच्या रस्त्याला, अंबाडीच्या अलीकडे. पाडलेल्या घरांचं, शेडचं लाकूड तिथं येतं. त्यातले खिळे काढल्याशिवाय ते मशीनवर चढवता येत नाही, पातं तुटतं. त्या कामाला मावशी होती. डोक्याला फडकं घट्ट बांधून दिवसभर उकिडवी बसलेली असायची.

मी चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा सुटली, खरं म्हणजे मीच सोडली, आणि सुतारकामाला लागलो. भिवंडीत येऊन आता काही वर्षं झाली. आमच्या गावाच्या तिन्ही बाजूंना सागाचं रान आहे, म्हणून इथल्या मिस्त्रीला पहिल्याच दिवशी छातीठोकपणे सांगितलं होतं, साग मी डोळे मिटून ओळखतो. आयुष्यात न घाबरता बोललेली ती एकच गोष्ट. बाकी मी घाबरट माणूस. माप तीनदा घेतो. कुलूप लावून दहा पावलं जातो, परत येऊन ओढून बघतो.

त्या दिवसांत मिस्त्रीची कंबर धरली आणि त्याला उठता येईना. मानकोलीच्या एका घरचं लग्नाच्या पलंगाचं काम हाती होतं. घरच्यांची अट एकच, जुनाच साग पाहिजे. मिस्त्री पडल्या पडल्याच म्हणाला, "चंद्रपूरवाले, लाकूड तू आण. पलंग नीट झाला तर पुढच्या कामाला मिस्त्री तूच. लाकूड चुकलं तर मला तोंड दाखवू नकोस, सरळ गावची गाडी धर."

तो हसत म्हणाला, पण मला हसू येईना. गावी बायको, दोन वर्षांची मुलगी. तिथं काम असतं तर इतक्या लांब आलोच कशाला असतो?

वखारीत बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडचे वासे रचून ठेवले होते. काळपट, वजनदार. हात फिरवला तर तळव्याला गुळगुळीत, तेलकट लागलं. चांगल्या जुन्या सागाला हात लावला की असंच लागतं. वास घेतला, तोही ओळखीचा. परमुलखात गावचं कुणी भेटावं तसं झालं मला. अकरा वासे निवडले, प्रत्येकावर खडूनं खूण केली. तरी माझा स्वभाव, शेठला विचारलंच, "साग आहे ना हो नक्की?"

शेठ मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "सुतार तू का मी?"

"सागच आहे," मी म्हटलं. त्यानं चिठ्ठीवर साग लिहिलं आणि चहाला निघून गेला. मशीनवाल्यानं बटण दाबलं. चिरलेलं लाकूड वखार परत घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पहिल्या वाशातले खिळे मावशीनं नुकतेच उपटले होते. तो उचलून मी पात्याकडे नेत होतो तेवढ्यात पायावर काहीतरी टणकन लागलं. बघतो तर खिळा. मावशीनं फेकलेला.

"ए सुतारा, पलंग बनवतंस का चुलीला घालतंस?"

मला रागच आला. म्हटलं, "मावशी, आम्ही सागाच्या रानातले आहोत."

"मंग रानातच बगायचा व्हता. ह्यो साग न्हाय. खिला बग."

खिळा उचलून बघितला. वरचा अर्धा इंच चकचकीत होता, खालचा सगळा गंजून पापुद्रे सुटलेला. ती म्हणाली, सागातला खिळा उपटताना किंचाळतो, जीव काढतो हाताचा, आणि निघतो तो टोकापर्यंत स्वच्छ. गंज धरत नाही. हा मुकाट्यानं निघाला. वर तेल होतं तेवढाच चकचकीत राहिला. शेडमध्ये वर्षानुवर्षं मशीनचं तेल उडत होतं आणि वासे ते पीत होते.

माझा विश्वास बसेना. तरी मशीन बंद करायला लावलं आणि हातकरवतीनं वाशाचं टोक कापलं. टोक खाली पडलं आणि मी बघतच राहिलो. कडेनं बोटभर काळी पट्टी, भाकरीचा जळका काठ असावा तशी, आणि आत फिकट, भुसभुशीत लाकूड. त्यातून पिठासारखा भुसा गळायला लागला. नुसता गळतच होता. किड्यानं आतून पोखरून ठेवलं होतं, आणि वरची भोकं तेलानं, कापसाच्या तुसांनी बुजून गेली होती.

मी त्याच ढिगावर टेकलो. घाबरलो ते लाकडामुळे कमी आणि नाकामुळे जास्त. तो ओळखीचा वास सागाचा नव्हताच. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे लूम चालतात. माझ्या चादरीला, शर्टाला, डब्याच्या पिशवीला तोच तेलाचा वास असतो. गावाहून आलो त्या महिन्यात मला हा वासा कुणी फसवूनही विकू शकलं नसतं. एवढ्या दिवसांत माझं नाक बदललं, आणि मला पत्ताच नाही.

"बसलास काय?" मावशी म्हणाली. "ऊट. येकेक वासा माज्याकडं आन."

ढिगातल्या प्रत्येक वाशातून ती एक खिळा उपटायची, कान देऊन ऐकायची आणि खिळा माझ्या हातावर ठेवायची. "न्हाय." "ह्यो पन न्हाय." मी माझ्या खुणांवर फुल्या मारत गेलो. मागच्या रांगेत, कुणाच्या तरी जुन्या घराच्या तुळयांत, पहिला खिळा असा किंचाळला की मी दचकलो. "ह्यो!" ती म्हणाली आणि फडक्याच्या टोकानं घाम पुसला. टोक कापून बघितलं. आत सोनेरी, घट्ट. पलंगापुरतं लाकूड त्या तुळयांत निघालं.

तेवढ्यात शेठ आला. खडूच्या फुल्या बघून भडकला. "तुला खिळे काढायला ठेवलंय का गिऱ्हाइकाला शिकवायला?"

"मी खिलंच काढते, शेट," ती म्हणाली. "तो बगत बसलाय त्याला मी काय करू?"

मी म्हटलं, "शेठ, चिठ्ठीवर साग लिहिलंय तुम्ही."

"तू साग म्हणलास, मी साग लिवलं."

त्याचं काही चुकीचं नव्हतं. मी गप्प बसलो, आणि तिथंच माझं चुकलं. तिच्यासाठी एक शब्द बोलायला हवा होता. मला त्या क्षणी फक्त माझे वासे दिसत होते.

पलंग झाला. मिस्त्रीनं कंबर धरत येऊन चारी पाय ठोकून बघितले आणि पुढच्या कामाच्या घराची किल्ली माझ्या हातात दिली. पेढे घेऊन वखारीत गेलो तर तिच्या जागी दुसरीच बाई. शेठ म्हणाला, "ती? तिला त्याच संध्याकाळी सांगितलं, उद्यापासनं येऊ नको."

त्याच संध्याकाळी! म्हणजे मी पलंगाला रंधा मारत शीळ घालत होतो, ते सगळे दिवस ती घरी बसून होती. पेढ्यांचा बॉक्स हातात तसाच राहिला. विचारत विचारत टेमघरला तिचं घर शोधलं. ती नुकतीच मानकोलीच्या गोदामातून आली होती, तिथं आता खोक्यांना टेप मारते. बॉक्स तिच्या हातात दिला आणि मला रडूच फुटलं. तिनंच विचारलं, "पलंग वाकला का रं?"

"नाही, मावशी."

"मंग रडतंस कशाला? गोदामात सावली तरी हाय," म्हणाली, आणि पेढा अर्धा मोडून मला दिला.

मावशी, तुला वाचता येतं का, हेही मी विचारलं नाही. येत नसेल तर हे लिहिलेलं मी येऊन वाचून दाखवीन. एक दिवस माझं स्वतःचं सुतारकामाचं दुकान होईल. त्या दिवशी सगळ्यात आधी तुझ्या दारात येईन. लाकूड निवडायला तू असशील, पगारावर, खुर्चीत बसून, आणि तू "न्हाय" म्हटलेल्या लाकडाला माझ्या दुकानात कुणी करवत लावणार नाही.